उषा मेहता : १९४२ चं गुप्त रेडिओ केंद्र चालवणारी मुलगी हॅकर होती का?

आधी एक छोटं कोडं घालतो. परवाना नसलेलं यंत्र चालवायचं. सरकारने दाबून ठेवलेली माहिती लोकांपर्यंत पोचवायची. स्वतःचं ठिकाण लपवायचं आणि पोलीस मागावर आले की जागा बदलायची. पकडले गेलो तर सरळ तुरुंग. हे वर्णन कोणाचं वाटतं?

तुम्ही म्हणाल, हॅकरचं. पण साल आहे १९४२. भारतात पहिला कॉम्प्युटर यायला अजून दहा वर्षांहून जास्त काळ जायचा होता. आणि हे सगळं करणारी होती मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकलेली, खादी वापरणारी २२ वर्षांची एक मुलगी. तिचं नाव उषा मेहता.

२०२४ मध्ये त्यांच्यावर 'ऐ वतन मेरे वतन' हा सिनेमा आला, त्यामुळे नाव ऐकलं असेल. आज आपण त्यांचं आयुष्य पाहू. सोबत हॅकर म्हणजे नक्की काय, त्यांचे प्रकार कोणते आणि गुन्हा कुठे सुरू होतो, हेही समजून घेऊ. कारण या बाईंची गोष्ट कळली की तुमच्या फोनच्या सुरक्षेबद्दलही एक मोठी गोष्ट कळते.

हॅकिंग कॉम्प्युटरपेक्षा जुनं आहे

हॅकर हा शब्द आज ज्या अर्थाने वापरतात तो अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतून आला. १९५० च्या दशकाच्या शेवटी तिथल्या विद्यार्थ्यांचा खेळण्यातल्या रेल्वेचा एक क्लब होता. वायरी आणि स्विच जोडून एखादी भन्नाट युक्ती केली की ती मुलं त्याला हॅक म्हणायची. तेव्हा या शब्दाला चोरीचा वास नव्हता. यंत्र जसं वापरायला सांगितलंय त्यापेक्षा वेगळं वापरून दाखवायचं, एवढाच अर्थ.

पण ही युक्ती त्याही आधीची आहे. १९०३ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मार्कोनीच्या बिनतारी यंत्रणेचं प्रात्यक्षिक होतं. आपले संदेश मधे कोणी घुसून बिघडवू शकत नाही असा मार्कोनीचा दावा होता. नेव्हिल मॅस्केलिन नावाच्या जादूगाराने जवळच स्वतःचं यंत्र लावलं आणि प्रात्यक्षिक सुरू व्हायच्या आधीच मार्कोनीची टर उडवणारे मोर्स संदेश त्या सभागृहात पोचवले. यंत्रणा सुरक्षित नाही हे त्याने भर सभेत दाखवून दिलं. म्हणून काही लोक त्याला जगातला पहिला हॅकर म्हणतात.

म्हणजे बघा, गोष्ट सुरू होते ती रेडिओपासूनच. आता आपल्या मुंबईत येऊ.

झेंडा खाली पडला, मग मुलांनी काय केलं?

उषा मेहतांचा जन्म २५ मार्च १९२० चा, सुरतजवळच्या सरस या गावचा. वडील ब्रिटिश सरकारच्या नोकरीत न्यायाधीश. त्यामुळे घरात चळवळीचं नाव काढणं सोपं नव्हतं. तरीही १९२८ मध्ये, वयाच्या आठव्या वर्षी, उषा सायमन कमिशनविरुद्धच्या मोर्चात होती.

लहानपणीच्या अशाच एका मोर्चात पोलिसांनी मुलांवर हल्ला केला आणि झेंडा धरलेली मुलगी झेंड्यासकट खाली पडली. मुलांना फार लागलं ते झेंडा पडल्याचं. मग त्यांनी घरच्यांकडून खादी मागितली आणि झेंड्याच्या तीन रंगांचे कपडे शिवून घेतले. पुढच्या वेळी मुलं तेच कपडे घालून रस्त्यावर उतरली. आता पोलीस काय हिसकावणार? अख्खी मुलंच झेंडा झाली होती.

ही गोष्ट लक्षात ठेवा. नियमाकडे बघायचं, त्यातली फट शोधायची आणि तिथून आत शिरायचं, हा हॅकरचा स्वभाव. मुलांना हा शब्द माहीत नव्हता, पण डोकं तसंच चाललं होतं.

वडील १९३० मध्ये निवृत्त झाले आणि १९३२ मध्ये कुटुंब मुंबईला आलं. उषाने विल्सन कॉलेजातून १९३९ मध्ये तत्त्वज्ञानाची पदवी घेतली. मग कायद्याचा अभ्यास सुरू केला. तो अर्धवट राहिला, कारण १९४२ उजाडलं.

बातम्यांना कुलूप लागलं तेव्हा

८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर 'चले जाव'चा ठराव झाला. ९ तारखेच्या पहाटेपासून गांधीजी, नेहरू, पटेल असे सगळे मोठे नेते अटकेत गेले. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता. रेडिओ सरकारचा. म्हणजे देशात काय चाललंय हे देशालाच कळायची सोय नव्हती.

हे किती गंभीर होतं ते आपल्याकडच्या उदाहरणावरून बघा. १४ ऑगस्ट १९४२ ला पालघरमध्ये मोर्चावर गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. डहाणू तालुक्यातल्या वरोरसारख्या किनाऱ्यावरच्या गावाला पालघर काही परकं नाही. आज तिथे काही झालं तर दहा मिनिटांत व्हॉट्सॲपवर व्हिडिओ येतो. तेव्हा बातमी यायची ती माणसाच्या तोंडून, बाजारातून, आगगाडीने. वाटेत ती फुगायची, बदलायची किंवा मरून जायची. दोनच दिवसांनी, १६ ऑगस्टला, विदर्भात चिमूर आणि आष्टी इथे जे घडलं त्याचीही तीच गत होणार होती.

उषाबेन आणि त्यांच्या मित्रांनी ठरवलं की हे कुलूप फोडायचं. कसं? स्वतःचं रेडिओ केंद्र काढून.

४२.३४ मीटर म्हणजे काय?

रेडिओ केंद्र काढायला ट्रान्समीटर लागतो. तो बाजारात मिळत नव्हता. १९३३ च्या कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय बिनतारी यंत्र बाळगणं हाच गुन्हा होता. त्यात १९३९ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर सरकारने हौशी रेडिओवाल्यांचे, म्हणजे हॅम मंडळींचे, परवाने रद्द केले होते.

पण परवाना काढून घेतला तरी डोक्यातलं ज्ञान कसं काढून घेणार? नरिमन प्रिंटर नावाच्या रेडिओ तंत्रज्ञाने ट्रान्समीटर तयार केला. शिकागो रेडिओ ही लाउडस्पीकरची मोठी कंपनी चालवणाऱ्या नानक मोटवाने यांच्याकडून सामान आणि तंत्रज्ञांची मदत मिळाली. बाबूभाई खाखर, विठ्ठलभाई झवेरी, चंद्रकांत झवेरी हे सोबती होते. राममनोहर लोहिया आणि अच्युतराव पटवर्धन हे भूमिगत नेते मागे उभे राहिले.

२७ ऑगस्ट १९४२ ला काँग्रेस रेडिओ हवेत गेला. निवेदनात लहरींची लांबी सांगितली जायची, ४२.३४ मीटर. ठिकाण मात्र भारतात कुठेतरी, एवढंच.

आता हे ४२.३४ मीटर काय प्रकरण आहे? रेडिओची लहर सेकंदाला सुमारे ३० कोटी मीटर धावते. ३० कोटीला ४२.३४ ने भागा. उत्तर येतं साधारण ७१ लाख. म्हणजे ही लहर सेकंदाला ७१ लाख वेळा हेलकावे खात होती. आजच्या भाषेत ७.०८ मेगाहर्ट्झ. हॅम लोक ज्या पट्ट्याला ४० मीटरचा बँड म्हणतात, नेमका त्यातच हा आकडा बसतो. तुमच्या घरचा वायफाय २.४ गिगाहर्ट्झवर चालतो, त्याची लहर जेमतेम १२ सेंटीमीटरची. ती पलीकडच्या खोलीत जाताना दमते. याउलट ७ मेगाहर्ट्झची लहर आकाशात वर जाऊन आयनोस्फिअर या थरावर आपटते आणि शेकडो किलोमीटर लांब परत खाली उतरते. म्हणून मुंबईतल्या एका खोलीतलं यंत्र दूरच्या शहरात ऐकू येऊ शकत होतं.

हिंदी आणि इंग्रजीतून बातम्या जायच्या. चितगावचा बॉम्बहल्ला, जमशेदपूरचा संप, चिमूर आणि आष्टीतले अत्याचार. सरकारी रेडिओ जे सांगत नव्हता ते हा छोटा रेडिओ सांगत होता.

पोलिसांना चकवायचं कसं?

रेडिओत एक मोठी अडचण असते. तुम्ही बोललात की तुमचं ठिकाण उघडं पडायला लागतं. चौकोनी किंवा गोल अँटेना फिरवत गेलं की सिग्नल कुठल्या दिशेने जोरात येतोय ते कळतं. एका ठिकाणाहून एक रेघ ओढायची, दुसऱ्या ठिकाणाहून दुसरी. रेघा जिथे छेदतात तिथे ट्रान्समीटर. मोबाइल टॉवरवरून फोनचं ठिकाण काढतात त्यामागचा विचार याच जातीचा आहे.

यावर उषाबेनच्या गटाने काय केलं ते आजच्या शब्दांत मांडतो.

पहिलं, जागा बदलणं. अडीच महिन्यांत त्यांनी सहा-सात वेळा बिऱ्हाड हलवलं. चौपाटीची सी व्ह्यू इमारत, लॅबर्नम रोडवरचा अजित व्हिला, सँडहर्स्ट रोडवरचं लक्ष्मी भवन, गिरगावातली पारेखवाडी, शेवटी महालक्ष्मीचा पॅराडाइज बंगला. आज हॅकर व्हीपीएन बदलत राहतात, तसंच हे. फक्त इथे दरवेळी जड सामान उचलून न्यावं लागत होतं.

दुसरं, कामाची वाटणी. रेकॉर्डिंग एका जागी, प्रसारण दुसऱ्या जागी. एक जागा पडली तरी दुसरी वाचेल. आज कंपन्या सर्व्हर आणि बॅकअप वेगवेगळ्या शहरांत ठेवतात, त्याचं कारणही हेच.

तिसरं, गोंगाटाशी झुंज. सरकारी केंद्र त्यांच्या प्रसारणात खरखर मिसळून ते ऐकू येऊ नये असा प्रयत्न करत होतं. याला जॅमिंग म्हणतात. आज एखाद्या वेबसाइटवर लाखो खोट्या विनंत्या सोडून ती बंद पाडतात, त्या डीडॉस हल्ल्याचा हा आजोबा समजा. गंमत बघा, इथे असा हल्ला करणारं सरकार होतं.

यंत्र टिकलं, माणूस फुटला

१२ नोव्हेंबर १९४२. पोलिसांना हवी असलेली फट शेवटी कुठे सापडली? ज्याने ट्रान्समीटर बनवला त्याच प्रिंटरकडे. तो पोलिसांच्या हाती लागला आणि त्याने सगळं सांगून टाकलं.

त्या दिवशी आधी छापा पडला बाबूभाईंच्या दुकानावर. उषाबेन तिथेच होत्या. त्यांनी कागदपत्रं हलवली, रेकॉर्डिंगच्या जागी जाऊन लोहिया आणि इतरांना सावध केलं. त्यांना तिथूनच पळून जाता आलं असतं. पण त्या संध्याकाळचा कार्यक्रम व्हायचा होता. त्या चंद्रकांत झवेरींना घेऊन पॅराडाइज बंगल्यावर गेल्या आणि प्रसारण सुरू केलं. शेवटी 'वंदे मातरम्'ची रेकॉर्ड लावलेली असताना पोलीस एकामागून एक तीन दारं फोडून आत आले. रेकॉर्ड थांबवायला सांगितलं तेव्हा उषाबेननी नकार दिला.

इथे जरा थांबू. जागा बदलल्या, कामं वाटली, जॅमिंगलाही तोंड दिलं. तरी सगळं कोसळलं ते एका माहीतगार माणसामुळे. सायबर सुरक्षेत याला आतल्या माणसाचा धोका म्हणतात. आणि बाहेरचा माणूस गोड बोलून, घाबरवून आतल्या माणसाकडून माहिती काढतो त्याला सोशल इंजिनिअरिंग म्हणतात. बँकेतून बोलतोय म्हणून ओटीपी मागणारा कॉल, वीज कापण्याची धमकी देणारा मेसेज, व्हिडिओ कॉलवर खोटा पोलीस बनून केलेली डिजिटल अरेस्ट, हे सगळे याच कुळातले. तुमच्या फोनचं एन्क्रिप्शन फोडणं फार अवघड आहे. तुम्हाला घाबरवणं सोपं आहे.

याची दुसरी बाजूही उषाबेनच्याच आयुष्यात दिसते. अटकेनंतर सहा महिने सीआयडीने त्यांची चौकशी केली. एकांतात ठेवलं. सोबत्यांची नावं सांगितली तर परदेशात शिकायला पाठवू, असं आमिषही दाखवलं. त्या बोलल्या नाहीत. खटल्यात त्यांनी न्यायाधीशांना विचारलं की उत्तरं देणं माझ्यावर बंधनकारक आहे का. नाही, असं कळल्यावर त्यांनी एकाही प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. कायद्याचा अभ्यास अर्धाच झाला होता, पण कामी आला. त्याच खटल्यात एक माणूस फुटला होता आणि एक फुटला नव्हता. यंत्र दोघांचं एकच.

उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली. येरवड्याच्या तुरुंगात त्यांची तब्येत ढासळली. १९४६ मध्ये त्या सुटल्या.

पुढे काय झालं?

सुटल्यावर त्या राजकारणात शिरल्या नाहीत. मुंबई विद्यापीठातून गांधीजींच्या राजकीय आणि सामाजिक विचारांवर पीएचडी केली. विल्सन कॉलेजात अनेक वर्षं शिकवलं, मग विद्यापीठात नागरिकशास्त्र आणि राज्यशास्त्र विभागाच्या प्रमुख झाल्या. १९८० मध्ये निवृत्ती घेतली. मणिभवनाच्या कामात शेवटपर्यंत होत्या. १९९८ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं.

९ ऑगस्ट २००० ला अंगात ताप असताना त्या ऑगस्ट क्रांती मैदानावरच्या कार्यक्रमाला गेल्या. हे तेच गवालिया टँक मैदान. दोन दिवसांनी, ११ ऑगस्टला, त्या गेल्या.

त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला भारताचा माहिती तंत्रज्ञान कायदा लागू झाला. आज सायबर गुन्ह्यांचे खटले प्रामुख्याने याच कायद्याखाली चालतात. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये किंवा फोनमध्ये वाईट हेतूने शिरलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दुसऱ्याचा पासवर्ड वापरणं ६६ क मध्ये येतं, खोटं रूप घेऊन फसवणं ६६ ड मध्ये.

मग त्या हॅकर होत्या का?

आज हॅकर्सचे रंगांवरून प्रकार पाडतात. व्हाइट हॅट म्हणजे मालकाची परवानगी घेऊन त्रुटी शोधणारे. कंपन्या यासाठी बग बाउंटी, म्हणजे बक्षीस, देतात. ब्लॅक हॅट म्हणजे पैशासाठी किंवा नुकसान करण्यासाठी शिरणारे. ग्रे हॅट म्हणजे परवानगी न घेता शिरणारे, पण चोरी न करणारे. १९८८ मध्ये रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेल्या वर्म प्रोग्रॅममुळे हजारो कॉम्प्युटर अडकले. तो चोर नव्हता, तरी कोर्टाने त्याला दोषी ठरवलंच. आणि एखाद्या विचारासाठी यंत्रणेत घुसणारे ते हॅक्टिव्हिस्ट.

ब्लॅक हॅटचं आपल्या जवळचं उदाहरण पुण्यातलं आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस बँकेच्या एटीएम यंत्रणेत मालवेअर घुसवून आणि बनावट कार्डं वापरून सुमारे ९४ कोटी रुपये लांबवले गेले. यातले बरेचसे पैसे २८ देशांतल्या एटीएममधून निघाले. इथल्या एटीएममधून पैसे काढणारे हस्तक मात्र सापडले आणि २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना शिक्षा सुनावली. थोड्या कमिशनसाठी कार्ड फिरवणारे लोक होते हे. म्हणून कोणी महिना काही हजार देतो म्हणून तुमचं बँक खातं किंवा सिम वापरायला मागितलं तर देऊ नका. गुन्ह्यात पहिलं नाव तुमचंच येतं.

उषाबेन कुठल्या खणात बसतात? काटेकोरपणे बोलायचं तर त्या हॅकर नव्हत्या, कारण त्या दुसऱ्याच्या यंत्रात शिरल्या नाहीत. त्यांनी स्वतःचं यंत्र चालवलं. पण कायद्याने त्या गुन्हेगार होत्या आणि हेतू पाहिला तर हॅक्टिव्हिस्टच्या सर्वांत जवळ.

मात्र एक धोका आहे. आज बरेच जण दुसऱ्याचं इन्स्टाग्राम उघडतात, डेटा पसरवतात आणि वर सांगतात की हे चांगल्या कामासाठी केलं. त्यांना उषाबेनच्या गोष्टीतून तीन प्रश्न विचारावेत. खिशात काय गेलं? नुकसान कोणाचं झालं, बलाढ्याचं की साध्या माणसाचं? आणि पकडल्यावर शिक्षा स्वतः भोगली की दुसऱ्याचं नाव पुढे केलं? उषाबेनचं उत्तर लिहून ठेवलेलं आहे. खिशात काही गेलं नाही, कायदा कुणाचा मोडतोय हे माहीत होतं आणि चार वर्षांची शिक्षा स्वतःच्या अंगावर घेतली.

शिवाय तेव्हा लोकांकडे सरकार बदलायला मतपेटी नव्हती. आज कोर्ट आहे, माहितीचा अधिकार आहे. आणि एखाद्या सरकारी साइटमध्ये त्रुटी दिसली तर सर्ट-इन या सरकारी संस्थेला रीतसर कळवता येतं. हे रस्ते असताना रात्री कोणाचं तरी खातं फोडण्यात शौर्य नाही.

तुमच्यासाठी लक्षात ठेवायचं

पासवर्ड मजबूत ठेवा, दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा, ॲप अपडेट करा. हे सगळं म्हणजे तुमचा ट्रान्समीटर नीट बांधणं झालं. पण कॉलवर कोणी घाबरवलं, आमिष दाखवलं, तर त्या क्षणी सुरक्षा तुमच्या तोंडात असते. ओटीपी सांगायचा नाही. फोन ठेवायचा. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करायचा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे वाटेत अडवण्याची शक्यता जास्त.

घरातल्या आजी-आजोबांनाही हा नंबर सांगून ठेवा. मिठाच्या सत्याग्रहाचं साल म्हणून सांगितलंत तर त्यांच्या पटकन लक्षात राहील.